अंदमानला सहा जण, पोहता येतं एकालाच, तेही विहिरीत: काय बघावं, काय सोडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीचं सहा जणांचं कुटुंब, जानेवारीत सात दिवस अंदमानला जायचं. नवरा-बायको, ११ आणि ७ वर्षांची दोन लेकरं, ६८ वर्षांचे वडील (बीपीची गोळी चालू), ६३ वर्षांची आई (गुडघे दुखतात, जिना जड जातो). एजंटानं चौदा ठिकाणं आणि नऊ ‘ॲक्टिव्हिटी’ लिहिलेली यादी पाठवली आहे. पोहता फक्त मुलांच्या बाबांना येतं, तेही गावच्या विहिरीत शिकलेलं. यातलं काय घ्यावं, काय गाळावं?

दादा, यादी खोटी नाही. चौदाही ठिकाणं खरी आहेत आणि बहुतेक चांगली आहेत. घोळ एवढाच की ही यादी जमिनीच्या हिशेबानं केलेली आहे. आपल्याकडे पाहुणे आले की सकाळी वेरूळ, दुपारी दौलताबाद, संध्याकाळी मकबरा असं एका दिवसात उरकता येतं, कारण गाडी आपल्या हातात असते. अंदमानात गाडीऐवजी बोट असते, ती तिच्या वेळेला सुटते आणि समुद्र खवळला तर सुटतच नाही. म्हणून ‘कोणती ठिकाणं’ हा तुमचा प्रश्न नंतरचा. आधी दोन गोष्टी ठरवा: कोणत्या बेटावर किती रात्री काढायच्या, आणि सहापैकी कोणी पाण्यात किती उतरायचं. एवढं ठरलं की चौदापैकी सात-आठ नावं आपोआप गळतात.

पहिला हिशेब उजेडाचा. घड्याळ तिथंही भारताचंच, पण अंदमान आपल्यापेक्षा सुमारे १६ अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य तासभर आधी येतो आणि तासभर आधी जातो. जानेवारीत परभणीत सूर्य मावळायला सहा वाजून जातात, तिथं सव्वापाचलाच बुडतो. सकाळी मात्र पावणेसहालाच लख्ख उजाडतं. आपल्या सवयीनं नऊला नाश्ता, दहाला बाहेर आणि दुपारी वामकुक्षी असं केलंत तर दिवसातला निम्मा उजेड हॉटेलात गेला म्हणून समजा. तिथं साडेपाचला उठायचं, साडेसहाला बाहेर पडायचं आणि रात्री नऊला झोपायचं. लेकरांना हे दोन दिवसांत जमतं, मोठ्यांनाच जड जातं.

दुसरा हिशेब बोटींचा. आता थोडा नावांचा गोंधळ मिटवून घेऊ, कारण तिकिटावर एक, फलकावर दुसरं आणि रिक्षावाल्याच्या तोंडी तिसरं असं होतं. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. लोक बोलताना जुनीच नावं घेतात, मीही खाली सोयीसाठी तीच वापरतो.

पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला खासगी जलद बोट साधारण दीड-दोन तासांत पोचवते, सरकारी बोटीला अडीच तासांच्या आसपास लागतात. सरकारी बोट फिनिक्स बे धक्क्यावरून सुटते, खासगी बोटी हॅडो धक्क्यावरून. भलत्याच धक्क्यावर जाऊन उभं राहणं ही नेहमीची चूक. सरकारी तिकीट पुष्कळ स्वस्त असतं, पण स्थानिक लोकांची गर्दी असते आणि सहा जागा एकत्र मिळतीलच असं नाही. म्हातारी माणसं आणि लेकरं बरोबर असताना मी खासगी बोट सुचवतो आणि जानेवारीसाठी दीड-दोन महिने आधी तिकीट काढायला सांगतो. आधी बोटीची तिकिटं, मग हॉटेल, हा क्रम उलटू देऊ नका. सुटायच्या तासभर आधी धक्क्यावर पोचा, सामानाची तपासणी होते. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच हवं; ‘बाळासाहेब’ आणि ‘बाळू’ असं चालत नाही. पर्यटक जातात त्या बेटांसाठी भारतीयांना वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र सहाही जणांचं, लेकरांचंसुद्धा, जवळ ठेवा.

सात दिवस, सहा रात्री धरून मी असं बसवीन. पहिला दिवस पोर्ट ब्लेअर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं हॅवलॉक आणि तिथं तीन रात्री. पाचव्या दिवशी सकाळी नील, एक रात्र. सहाव्या दिवशी सकाळच्या बोटीनं परत पोर्ट ब्लेअर, दुपारी जमलं तर रॉस. सातव्या दिवशी विमान. यातली शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला, ही अट मोडू नका. एजंट पुष्कळदा ‘सकाळी नीलहून बोट, दुपारी विमान’ असं बसवतात, कारण एक रात्र वाचते. त्या सकाळी बोट रद्द झाली तर सहा जणांची विमानाची तिकिटं पाण्यात. माझ्या आखणीत बोट चुकली तर फार तर रॉस बुडेल.

हॅवलॉकला तीनच रात्री का? कारण एकदा सामान उघडलं की आईंना आराम मिळतो, रोज धक्का-बोट-हॉटेल असं ओझं वाहणं होत नाही. शिवाय पाण्यातला एखादा कार्यक्रम वाऱ्यामुळं हुकला तर दुसऱ्या दिवशी ढकलता येतो. नील लहान आहे, एका मुक्कामात मनासारखं बघून होतं.

आता हॅवलॉक. राधानगर किनारा धक्क्यापासून १२ किलोमीटरवर, बेटाच्या पश्चिम अंगाला. २००४ मध्ये ‘टाइम’ मासिकानं त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं तेव्हापासून गर्दी वाढली, पण वाळू एवढी लांब-रुंद आहे की जरा चाललं की निवांतपणा मिळतो. सूर्यास्त इथलाच पाहायचा आणि त्यासाठी साडेतीन-चारला पोचायचं. पाचला निघून ‘सनसेट’ बघू म्हणणारे अंधारात पोचतात. जानेवारीत वारा ईशान्येकडून असतो, त्यामुळं पश्चिमेचा हा किनारा आडोशाला येतो आणि लाटा सौम्य असतात. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा, तेव्हा हाच किनारा अंगावर येतो. एकाच किनाऱ्याबद्दल एक जण ‘तळ्यासारखा शांत’ सांगतो आणि दुसरा ‘फार धोक्याचा’, त्याचं कारण हे वाऱ्याचं आहे, दोघंही खरंच बोलत असतात. काला पत्थर किनारा पूर्वेला, सकाळचा आणि फोटोचा. तो तासाभरात होतो.

तुम्ही विहिरीत पोहता हे उत्तम, पण समुद्रात त्यावर विसंबू नका. विहिरीत पाणी जागच्या जागी असतं, काठ चार हातांवर असतो, दम लागला की कपारीला धरता येतं. समुद्रात पाणी चालतं. लाट किनाऱ्याला आली की तेवढं पाणी कुठून तरी परत जातं आणि ते एखाद्या पट्ट्यातून जोरात आत ओढतं. त्या ओढीत सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडं हात मारत राहतो, थकतो आणि बुडतो. ओढ लागली तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं. पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर आलं की मग किनाऱ्याकडं वळायचं. लेकरांना घेऊन कमरेच्या वर पाण्यात जायचं नाही, आणि पाठ समुद्राकडं करून उभं राहायचं नाही. अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. जिथं फलक लावलेला असेल, जिथं ओढा समुद्राला मिळतो किंवा खारफुटी आहे, तिथं पाण्यात उतरू नका. अंधार पडल्यावर तर कुठंच नको.

आता नऊ ॲक्टिव्हिटींचं. तुमचे पैसे इथं सगळ्यात जास्त जातात आणि गैरसमजही इथंच सगळ्यात जास्त आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्कूबाला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरायला, पोहता यावं लागतं असं लोकांना वाटतं. पर्यटकांसाठी जी पहिली डुबकी असते तिला पोहणं लागत नाही. प्रशिक्षक तुमच्या पाठीवरची टाकी धरून शेवटपर्यंत बरोबर असतो. या प्रकारात १२ मीटरपेक्षा खोल नेत नाहीत आणि वयाची खालची मर्यादा १० वर्षं आहे. म्हणजे तुम्ही, ताई आणि थोरलं लेकरू करू शकता, धाकट्याला नाही. धाकटा कितीही रडला तरी ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्याकडं करू नका. जो वयाचा नियम मोडतो तो टाकीतल्या हवेचा नियमही मोडत असेल. प्रशिक्षक प्रत्येकामागं एक असेल ना, हे आधी विचारा. पाण्याखाली साधारण वीस ते तीस मिनिटं मिळतात. पहाटेची वेळ घ्या, तेव्हा वारा कमी असतो आणि पाणी नितळ असतं.

स्कूबात बिघडतं ते बहुतेक कानामुळं. दहा मीटर खाली गेलं की शरीरावरचा दाब दुप्पट होतो, आणि त्यातला मोठा फरक पहिल्या तीन-चार मीटरांतच जाणवतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच नाकातून फुंकायचं. कानात ‘टक्’ झालं की दाब बरोबर झाला. हे खाली जायला सुरुवात करतानाच आणि मग दर हातभर खोलीला करायचं. दुखायला लागेपर्यंत थांबलात तर कानाच्या आतली नळी मिटून बसते आणि मग कितीही फुंकलं तरी उघडत नाही. तसं झालं तर मीटरभर वर यायचं, पुन्हा फुंकायचं, मग खाली. जोर लावून फुंकू नका, पडदा दुखावतो. सर्दी झालेली असेल तर डुबकी रद्द. सर्दीची गोळी घेऊन उतरणं तर त्याहून वाईट, कारण गोळीचा असर पाण्याखाली असताना संपला तर वर येताना कानात हवा अडकते. आणि एक नियम घोटून घ्या: वर येताना श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना फुफ्फुसातली हवा फुगते, तिला बाहेर जायला वाट हवी.

मास्कमध्ये पाणी शिरतं ते तीन कारणांनी: कडेखाली अडकलेले केस, पट्टा फार खाली बांधलेला आणि मिशा. आपल्याकडच्या भरघोस मिशांना मास्कचं रबर चिकटत नाही. मिशा काढायच्या नसतील तर नाकाखालच्या केसांवर पातळ व्हॅसलीन लावा, बरंच पाणी थांबतं. तरी शिरलंच तर मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची, मान थोडी वर करायची आणि नाकातून जोरात श्वास सोडायचा. पाणी खालून निघून जातं. हे किनाऱ्याशी उभ्या पाण्यात चार वेळा करून घेतल्याशिवाय खोल जाऊ नका. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आहे का ते आदल्या दिवशी विचारा.

फॉर्मवर आजारांची यादी असते. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यांतलं काही असेल तर खरं लिहा. वडिलांना बीपी आहे आणि वय ६८, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी लेखी हो म्हटल्याशिवाय स्कूबा नाही. स्पष्ट सांगायचं तर त्यांना आग्रहच करू नका.

मग ‘सी वॉक’? एजंट म्हणेल, त्यात पोहायचं नसतं, म्हाताऱ्यांना चालतं. निम्मं खरं आहे. डोक्यावर मोठं हेल्मेट ठेवतात, वरून नळीनं हवा येते, चेहरा कोरडा राहतो, चष्मासुद्धा चालतो. पण दाब तोच असतो. पाच-सहा मीटर खोल शिडीनं उतरताना कान तसेच दुखतात, आणि हेल्मेटखालून हात घालून नाक दाबता येतं हे पुष्कळांना कुणी सांगतच नाही. शिडी उतरणं-चढणं आईंच्या गुडघ्यांना जमणार नाही. म्हणून ज्यांना स्कूबा करायची आहे त्यांनी सी वॉकवर वेगळे पैसे घालू नयेत, आणि ज्यांना स्कूबा चालत नाही त्यांच्यापैकी बहुतेकांना सी वॉकही चालत नाही. मधल्या फार थोड्या लोकांसाठी तो आहे.

खरा फायदेशीर प्रकार स्नॉर्कलिंग. पाण्यावर पालथं तरंगायचं, तोंडात नळी, खाली प्रवाळ आणि मासे. हॅवलॉकच्या एलिफंट किनाऱ्यावर प्रवाळ उथळ पाण्यात आहे, त्यामुळं लाइफ जॅकेट आणि गाइडच्या हातातली रिंग धरून धाकट्यालासुद्धा दिसतं. जॅकेट घातल्यावर त्याला खांद्याच्या पट्ट्यांना धरून उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत वर सरकलं तर ते मोठं आहे, दुसरं मागा. हॉटेलच्या बादलीत मास्क-नळी लावून तोंडानं श्वास घ्यायची सवय आदल्या रात्री करून घ्या, हसू येईल पण उपयोग होतो. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. तासभर पालथं तरंगून पाठ आणि पोटऱ्या अशा भाजतात की रात्री झोप येत नाही. प्रवाळावर पाय ठेवू नका. ते जिवंत असतं, मोडतं. आणि त्याचा ओरखडा चिघळतो, सागरी साळिंदराचे काटे पायात मोडतात ते वेगळंच.

एलिफंटला जायला धक्क्यावरून बोट आहे किंवा जंगलातून पायवाट. तुम्ही बोटच घ्या. तिथं धक्का नाही, बोटीतून थेट किनाऱ्यालगतच्या पाण्यात उतरावं लागतं, म्हणून आईंना त्या दिवशी हॉटेलवर किंवा राधानगरला ठेवणं बरं. त्यांना प्रवाळ दाखवायचं तर नीलच्या भरतपूरला काचेच्या तळाची बोट आहे. चढताना तिथंही पाय भिजतात, पण पाणी उथळ आणि दोघांनी धरलं की जमतं. जेट स्की पाच मिनिटांत संपते. बनाना बोट तर मुद्दाम उलटवतात, ती लेकरांना आणि तुम्हालाही नको. दोन्ही यादीतून काढा, तेवढे पैसे चांगल्या स्कूबावाल्याला द्या.

शेवटच्या डुबकीनंतर विमानात बसायला एका डुबकीसाठी किमान १२ तास, जास्त डुबक्या असतील तर १८ तास जाऊ द्यावे लागतात. वरच्या आखणीत डुबकी तिसऱ्या दिवशी आणि विमान सातव्या, त्यामुळं तुम्हाला काळजी नाही.

नीलला गावांची नावं रामायणातली: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. हॅवलॉकला राधानगर, गोविंदनगर, श्यामनगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारनं इथं वसवलं, ही नावं त्यांच्या काळातली. नीलवरचा दगडी नैसर्गिक पूल लक्ष्मणपूर दोनला आहे आणि तो फक्त ओहोटीत बघता येतो. भरतीत तिथं जायची वाटच पाण्याखाली असते. वाट खडकाळ आणि शेवाळी आहे, रबरी तळव्याचे बूट हवेत, आईंना नको. भरतपूरची काचेची बोट उलट भरतीत बरी, ओहोटीत पाणी फार उथळ होतं. म्हणून नीलला पोचल्यावर आधी भरती-ओहोटीची वेळ विचारा आणि त्याप्रमाणं क्रम लावा. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते, त्यामुळं मागच्या आठवड्यात गेलेल्या मेव्हण्याची वेळ तुमच्या कामाची नाही. कोकणातले लोक तिथीला पाऊणपट करून भरती सांगतात, तो हिशेबही तिथं लागू पडत नाही. पोर्ट ब्लेअरचं वेळापत्रकच पाहा. सूर्यास्त लक्ष्मणपूर एकला, सूर्योदय सीतापूरला.

बाराटांग बेट मी तुमच्यासाठी सरळ गाळतो. चुनखडीची गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी ही दोन नावं यादीत भारी दिसतात. प्रत्यक्षात रात्री तीन-साडेतीनला उठायचं, जिरकाटांगला गाड्यांच्या ताफ्याची वाट बघायची, जंगलातून जायचं, फेरीनं खाडी ओलांडायची, मग स्पीडबोट, मग सुमारे दीड किलोमीटर ओबडधोबड वाट आणि हेच सगळं परत. आईंना झेपणार नाही आणि धाकटा गाडीत ओकून बेजार होईल. शिवाय तो रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. तिथं थांबणं, फोटो काढणं, खायला देणं गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. कुणी ‘आदिवासी दिसतील’ म्हणून ही सहल विकत असेल तर त्याच्याकडून दुसरंही काही घेऊ नका. चिखलाचा ज्वालामुखी म्हणजे बुडबुडे येणारा करडा चिखल आहे, त्यासाठी एवढा खटाटोप करावा असं मला वाटत नाही. गुहा सुंदर आहे, ती गुडघे धड असलेल्यांसाठी.

नॉर्थ बे ही जुन्या वीस रुपयांच्या नोटेवरच्या दीपगृहाची जागा. तिथली पाण्यातली सगळी मौज एलिफंटला होते, म्हणून तेही गाळा. जॉली बॉय मात्र, जर तुमचा एक दिवस वाढला, तर घ्या. वांडूरहून बोट सुटते, सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, प्लास्टिक नेऊ देत नाहीत आणि परवाना आधी काढावा लागतो. प्रवाळ तिथं चांगलं राहिलंय ते या कडकपणामुळंच.

तुम्ही लिहिलंय की वडिलांना सावरकरांची कोठडी बघायचीच आहे. मग सेल्युलर जेलला पहिल्या दिवशी दुपारी जा आणि घाई करू नका. विमान दुपारी बाराच्या आत उतरेल असं बघा. बांधकाम १८९६ ते १९०६, मधल्या मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली विंगा. आज त्यांतल्या तीन उभ्या आहेत. प्रत्येक विंगेचं तोंड शेजारच्या विंगेच्या पाठीकडं, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहराही दिसू नये. कोठडी साधारण साडेतेरा फूट बाय सात फूट. खिडकी म्हणजे छताजवळचा झरोका. विनायकराव ४ जुलै १९११ ला तिथं आणले गेले, थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून तिथंच होते. कोठडी सर्वात वरच्या मजल्यावर, विंगेच्या टोकाला आहे. जिने उंच आहेत, वडिलांनी दम घेत चढावं. आईंना जमलं नाही तर खाली कोलू, फाशीघर आणि संग्रहालय बघण्यात तेवढाच वेळ जातो. संध्याकाळी ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम असतो. हिंदीच्या खेळाची वेळ विचारून तिकीट आधी काढा, नाहीतर इंग्रजीच्या खेळाला बसून लेकरं पेंगतील. २६ जानेवारीच्या आसपास जाणार असाल तर राष्ट्रीय सुट्टीला जेल बंद असतं हे धरून चाला.

रॉसला बोट पोर्ट ब्लेअरच्या पाण्याच्या खेळांच्या धक्क्यावरून दहा-पंधरा मिनिटांची. इंग्रजांचं मुख्यालय तिथं होतं; १९४१ चा भूकंप आणि पाठोपाठ जपानी आले, मग ओस पडलं. चर्च आणि बेकरीच्या भिंतींना वडा-पिंपळाच्या मुळांनी आवळून धरलंय, हरणं माणसांजवळ येतात. बॅटरीवरच्या गाड्या असतात, त्यामुळं आईंसाठी हे सगळ्या सहलीतलं सोयीचं ठिकाण. चाथमची लाकूड गिरणी आणि वस्तुसंग्रहालयं वेळ उरला तर.

बोट लागण्याबद्दल. डोळ्यांना केबिन स्थिर दिसते आणि कानाच्या आतल्या भागाला हेलकावा कळतो, या भांडणातून मळमळ होते. म्हणून खालच्या मजल्यावर, मधल्या किंवा मागच्या बाजूची जागा घ्या, तिथं झोका कमी असतो. नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइल खिशात. रिकाम्या पोटी बसू नका आणि पुरी-भाजीही खाऊ नका. दोन बिस्किटं किंवा केळं पुरे. उलटीची गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर नाही. वडिलांच्या बीपीच्या गोळीबरोबर ती चालते का, आणि धाकट्याला किती द्यायची, हे परभणीतच डॉक्टरांना विचारून या.

परभणीहून जायचं तर हैदराबाद सोयीचं. देवगिरी किंवा अजिंठा एक्सप्रेसनं हैदराबाद गाठा, एक रात्र तिथं थांबा आणि सकाळचं विमान घ्या. रेल्वे आणि विमान एकाच दिवशी जोडू नका, शमशाबादचा विमानतळ शहरापासून बराच लांब आहे. थेट विमान नसलं तर चेन्नईहून मिळतं. चेन्नईहून जहाजही जातं, पण त्याला तीनेक दिवस लागतात. सात दिवसांच्या रजेत ते बसत नाही.

रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवा. हॅवलॉकला एटीएम मोजकी, नीलला त्याहून कमी, आणि नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे जात नाहीत. शाकाहारी जेवण सगळीकडं मिळतं, पण मासे शिजतात त्याच स्वयंपाकघरात; आईंना ते चालत नसेल तर शुद्ध शाकाहारी खानावळ हॉटेलवाल्याला आधी विचारा. धपाटे, शेंगांची चटणी आणि दशम्या तीन दिवस सहज टिकतात, पण दमट हवेत चौथ्या दिवशी धपाट्यांना बुरशी धरते, तोवर संपवा. स्टीलच्या बाटल्या न्या.

वाळूवरचे शंख-शिंपले लेकरं खिशात भरतील. परतताना विमानतळावर ते काढून घेतात, आणि प्रवाळाचा तुकडा सापडला तर वन्यजीव कायद्याखाली प्रकरण वाढू शकतं. शंख हवाच असेल तर पोर्ट ब्लेअरच्या ‘सागरिका’ या सरकारी दुकानातून घ्या आणि पावती हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको. विमानतळावर विचारतात तेव्हा बॅग आधीच पट्ट्यावरून पुढं गेलेली असते.